हात सोडायचे न्हाईत

न्हाई, न्हाई, न्हाई — आण्णा, बोलायचं न्हाई म्हनलं ना मी! जबडा हलला की मान हलती, आन मान हलली की संपलं. डाक्टर मॅडम काय सांगून गेल्या, ऐकलं न्हवं तुमी? गळ्याला पट्टा लावलाय म्हंजे झालं, असं नसतं — फळी येईस्तोवर, फळीवर घेऊन तुमाला बांधीस्तोवर डोकं माज्याच हातात राहनार. असं, दोन्ही बाजूंनी. गुडघं टेकून बसलेय मी तुमच्या उशाशी, दगडगोटं टोचत्यात, पन हात सोडायचे न्हाईत. तुमी आपलं वर आभाळाकडं बघा. काय सांगायचंच असंल तर डोळं हायेत — व्हय असंल तर एकदा मिटायचं, न्हाई असंल तर दोनदा. कळलं का? ... हां. एकदा. कळलं म्हंजे. अख्ख्या तालुक्याला बोलू देत न्हाई तो मानूस, आन आज बघा, पापनीवर काम चाललंय.

फळी व्हय? येतीय. सकाळी शर्यतीच्या दुसऱ्याच बारीला एक घोडेस्वार मांडी मोडून बसला न्हवं, त्याला फळीसकट नगरला पोचवून हैदरभाई गाडी घेऊन माघारी येतोय. सुपा ओलांडलं म्हनून फोन आल्ता. पन हितं शर्यतीच्या घाटाच्या तोंडाशी तुमच्याच लोकांनी बैलांचे टेम्पो असे आडवेतिडवे लावून ठेवलेत, माशी जायची न्हाई त्यातनं. म्हनून तर मॅडम मांडवात गेल्या. ऐकू येतंय ना — माईकवर त्यांचाच आवाज हाय. एमएच सोळा अमुक, एमएच सोळा तमुक, ताबडतोब काढा. लई कडक बाई. सावेडीत दवाखाना हाय आमचा — निस्ते घोडेस्वार, दुसरं कोन न्हाई. लग्नाच्या वरातीतले घोडेवाले, रायडिंग शिकनारी शाळेतली पोरं, पुन्याच्या रेसचे जॉकी, आन रविवारी हे बैलगाड्यांचे घाट. गाड्याला जुंपलेल्या बैलांच्या पुढं घोडी पळवायची, मागनं चार बैलं छाताडावर येत्यात — त्यात पडला म्हंजे काय हुतं, ते आमालाच म्हाईत. मॅडम, हैदरभाई आन मी. तिघंच. तुमीच यात्रा कमिटीच्या मिटिंगीत म्हनला हुता, हे दवाखान्यावालं लचांड कशाला घाटात, आमच्या बापजाद्यांनी कुठं डॉक्टर बरोबर आनले हुते.

पायाचा अंगठा हलवा म्हनल्या मॅडम, तर हलवलात. दोन्ही हलले. मी बघितलं. मॅडम म्हनल्या, छान. मला पन म्हनावं लागलं, छान. पन हाताला मुंग्या येत्यात म्हनालात, ते काय चांगलं न्हाई. मानेतलं हाड तडकलं असंल. आतली नस अजून शाबूत हाय, आन हाड कुठं सरकावं ह्या इचारात बसलंय. तुमचा अंगठा हलत राहतो का न्हाई, ते आता माज्या दोन हातांवर हाय, आण्णा. गंमतच हाय की न्हाई?

ए! ए, थांब! कोन हायस तू? पुतन्या? कुनाचाबी अस, मागं हो! — न्हाई, उचलायचं न्हाई! घोडी कशाला आनलीस इथवर? ने तिकडं! बसवायचं न्हाई कुनाला घोडीवर, हात लावून तर बघ, मॅडम बारीच बाद करतील तुमची आन पोलिसात देतील वर. म्हने काका म्हनत्यात बसवा. काका काय म्हनत न्हाईत, काकांना बोलायला बंदी हाय! जा, टेम्पो ढकल जा, तेवढं तरी कर! — गेले. चौघं आल्ते, दंडाला धरून उभं करायला. तुमचाच रिवाज हो आण्णा. पडलेल्या स्वाराला तिथल्या तिथं परत घोडीवर बसवायचं, निशाणाखालनं एकदा न्यायचं — तरच बारी हिशोबात धरायची. न्हाईतर घोडीला पाडायची खोड लागती, स्वाराच्या पोटात भ्या बसतं, आन मालकाचं नाक कापलं जातं. व्हय की न्हाई? ... एकदा. व्हय. तर मग सांगते — ती चौघं आली तवा मला काय म्हंजे काय करायचं नव्हतं. नुस्तं हात काढून घ्यायचे. म्हनायचं, न्या बाबांनो, तुमचा रिवाज, मी बाईमानूस काय बोलनार. तुमच्याच मानसांनी, तुमच्याच रिवाजानं, तुमच्याच घोडीवर बसवलं असतं तुमाला, आन मान अशी पुढं पडली असती — खळ्ळ. कोन बोट दाखवनार हुतं मला? कोनी न्हाई. दोन श्वास मी तसाच इचार केला. दोनच. मग वरडले.

का वरडले, ते मला इचारू नका. मलाच कळंना.

तोंडावरचा मास्क काढता येईना, हात अडकलेत, न्हाईतर कवाच वळखलं असतं तुमी. आवाजावरनं तरी? ... दोनदा. न्हाई. बरं. शर्यती परत सुरू झाल्या ना कोर्टानं परवानगी दिल्यावर, त्यानंतरची पहिली यात्रा आठवा. हाच घाट. तुमची ती पांढऱ्या कपाळाची घोडी हुती तवा, आन वर स्वार कोन हुता? चोवीस वर्सांचा. घोडीच्या कानात काय तरी बोलायचा बारीच्या आधी, लोकं हसायची त्याला. ... हां. आता कसं डोळं मोठं झालं. अमृत. मी अमृतची बहीन. दिपाली. तुमच्या वाड्यावर गुढीपाडव्याला भाऊबहीन दोघं यायचो, तुमच्या काकूंनी माज्या हातात साखरेची माळ घातली हुती. आता आलं ध्यानात? मान न्हाई हलवायची! डोळ्यांनी सांगा!

अमृत पडला, मागनं बैलाचा गुडघा पाठीत बसला. पडला तवा त्याचे पाय हलत हुते का न्हाई, ते कुनालाच म्हाईत न्हाई, कारन कुनी बघितलंच न्हाई. दोघांनी काखेत हात घातले आन उभा केला. डोकं असं छातीवर पडलं — मी दोरीच्या पलीकडं उभी हुते, मला वाटलं लाजला. खरं सांगते, मला वाटलं, पडला म्हनून लाजला! मी हसले आण्णा. घोडीवर बसवला, तुमी लगाम हातात दिला, बोटं मिटंनात तर तुमीच ती मिटवलीत, आन निशाणाखालनं नेला. बारी धरली. पहिला नंबर! मोटारसायकल मिळाली तुमाला. आन माज्या भावाचा मानंखालचा देह तवापासनं हाय तिथं हाय. खांदा उचलतो. मनगट जरा वळतं. आई दोन-दोन तासानं कूस बदलती, मी घरी असले की मी. त्याच्यापायीच तर शिकले हे सगळं — मॅडमकडं झाडायपुसायला लागले हुते, मॅडमनी कोर्सला घातलं. पहिल्या दिवशी हेच शिकवलं. डोकं कसं धरायचं. रबराच्या बाहुल्याचं डोकं हुतं. मी ते धरून अशी रडले की बाकीच्या पोरींना वाटलं येडी हाय.

आन तुमी गावात काय सांगितलं? पिऊन बसला हुता. अमृत! चहाबी न पिनारा पोरगा! त्या एका शब्दापायी यात्रा कमिटीनं हात झटकले, नातेवाईक यायचे बंद झाले, आईला पिठाच्या गिरणीत बाया इचारायच्या, कधीपासनं पीत हुता गं. मोटारसायकल मिळाली त्याचं मला काय न्हाई. मोडला त्याचंबी मी एक येळ सोशीन, घाट हाय, मोडत्यात मानसं. पन आईला गिरणीत मान खाली घालायला लावली, ते मी न्हाई इसरनार. मेले तरी न्हाई.

खिशात फोन वाजतोय. अमृतचाच असनार. हे रविवारचे घाट लाइव्ह दाखवत्यात ना मोबाईलवर, तो एक बारी सोडत न्हाई. मोबाईल उशाला लावून देतो आमी, बोटाच्या मागच्या पेरानं तो दाबतो. तुमी पडलात ते बघितलं त्यानं. मी उशाशी बसलेय तेबी बघत असंल. आता फोन करतोय — घट्ट धर म्हनायला का सोड म्हनायला, देव जानं. उचलता कुठं येतोय. वाजू दे.

तर एकच इचारायचंय. तीन वर्सं झाली, हे एकच. अमृत म्हनतो, त्याला उचलत हुते तवा तुमच्या तोंडाकडं बघून तो बोलला — आण्णा, पाय कळंनात मला. इतकंच. तुमी म्हनता, हलगी वाजत हुती, गर्दी हुती, तुमी लांब हुता, काय ऐकलं न्हाई. पोलिसांना तसंच लिहून दिलं तुमी. मला लोकं म्हनत्यात, अगं खरंच ऐकलं नसंल, हलगीचा दनका कसा असतो तुला म्हाईत हाय. मीबी म्हनते कधी कधी. रात्री म्हनते, दिवसा न्हाई म्हनत. तर आता सांगा. ऐकलं हुतं का न्हाई? एकदा का दोनदा? ... मिटूनच घेतले व्हय डोळे! असं न्हाई चालायचं. मिटून ठेवले म्हंजे काय समजू मी? उघडा. उघडा म्हनते! जाऊ दे. मला काय घाई न्हाई, मॅडमचा माईक चालूच हाय अजून, एक टेम्पो काढला तर दुसरा घुसतोय.

आन ही वयं हायेत का हो घोडीवर बसायची? पन्नाशी गाठली. अमृतनंतर तुमच्याकडं स्वार टिकंनात, आजचा ऐन येळेला आला न्हाई, म्हनून मिशीला पीळ देऊन सोता चढलात. हेल्मेट पुढं केलं तर म्हनता, फेटा हाय की डोक्याला. तुमचा तो फेटा मी कात्रीनं कापला, म्हाईत हाय ना? तसा उलगडताबी आला असता. बूटबी कापले, नवे कोरे. एवढं करायचं काय नडलं नव्हतं, पन बरं वाटलं मला. लई बरं वाटलं. आन पन्नास मिनटं झाली, धुळीत उताने पडलात, लाइव्ह चाललंय, हेबी बरं वाटतंय. लोकं म्हनतील घोडीनं पाडलं — घोडीनं कशाला पाडंल, बिचारी सरळ पळत हुती, खोगीर पोटाखाली फिरलं म्हनून तुमी गेलात. तंग, त्यो पोटाखालचा पट्टा, दोन भोकं वर असता तर जागचं हललं नसतं, आन मी बघितलं तवा तर दोन बोटं सहज जात हुती त्यात, तवाच —

काय बघताय असं?

खाली नका बघू. वर बघा, आभाळाकडं.

बरं. बोलून गेले तर गेले. बघितला हुता मी तंग. माजं कामच हाय ते — बारीच्या आधी हेल्मेट, रिकीब, तंग बघायचा, यादीवर खूण करायची. मॅडमनी नेमून दिलंय. आले मी घोडीजवळ, पट्ट्याखाली दोन बोटं घातली, तर तुमी काय म्हनलात, आठवतंय? ए बाई, लांब हो, बारीच्या आधी घोडीला बायकांचा हात चालत न्हाई. चारचौघं हसली. मी लांब झाले. पन बघितलं हुतं, आण्णा. पट्टा सैल हुता. हाताला कळला, डोळ्याला दिसला. मॅडमना नुस्तं सांगायचं हुतं, त्यांनी बारी थांबवली असती. मी न्हाई सांगितलं. यादीवर तुमच्या नावापुढं बरोबरची खूण केली, आन दोरीच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. तिथंच, जिथं तीन वर्सांमागं हुते. मनात म्हनलं, चालत न्हाई ना बायकांचा हात? मग नका घेऊ. तुमी पडलात आन सगळी आई गं म्हनली, मी न्हाई म्हनले. मग पाय आपले आपनच पळाले. पळत आले ते थेट तुमच्या डोक्याला धरूनच बसले. हे असं झालंय.

आता तुमालाबी म्हाईत झालं. तुमी धडधाकट राहिलात तर माजी नोकरी गेली, कदाचित जेलबी. मॅडमचा दवाखाना बुडंल माज्यापायी, ज्या बाईनं मला मानसात आनलं तिचा. आन तुमी न बोलते झालात तर कुनाला काय कळनार न्हाई. जरा बोटं सैल. एवढंच. बघा, कशी गोष्ट हाय. तरी धरलंय मी. बधिर झालेत हात कोपरापासनं, तरी धरलंय. भ्या वाटतंय? ... एकदा. वाटू दे. अमृतला पन वाटलं असंल.

आता माजं मी सांगितलं, तुमचं तुमी सांगा. शेवटचं इचारते. पाय कळंनात म्हनला तो. ऐकलं हुतं का? ...

एकदा.

परत. मिटा परत, मला पक्कं कळू दे, डोळ्यात धूळ गेल्यावर पन मिटत्यात. ... एकदा.

ऐकलं हुतं.

मला वाटलं हुतं, हे कळलं म्हंजे माजे हातच राहायचे न्हाईत माज्या ताब्यात. राहिलेत की. रडताय कशाला? कानात चाललंय पानी तुमच्या, मला पुसता यायचं न्हाई. मोटारसायकलीसाठी, आण्णा? नंबरासाठी? बोटं सोता मिटवलीत तुमी त्याची लगामावर — ऐकून! ऐकून मिटवलीत!

— हां, मॅडम! हितंच हाय! न्हाई, हलले न्हाईत, अजाबात न्हाई. हैदरभाई, फळी उजव्या अंगाला घाला. मी म्हनंन तवा. एक, दोन, तीन — हळू, हळू, डोक्याबरोबर सगळं अंग — आली खाली फळी. बांधा. छातीचा पट्टा आधी. आता कपाळाचा. मॅडम, घेताय तुमी? सोडू? ... सोडले. बोटं उघडंनात. न्हाई, काय झालं न्हाई मला, मुंग्या आल्यात नुस्त्या.

इचारा की मॅडम त्यांना, आता बोललं तर चालतंय ना हळू? कसं पडलात म्हनून इचारा. सांगा आण्णा. मॅडम लिहून घेत्यात. ... काय? घोडी बुजली? घोडी बुजली म्हनताय? परत माज्याकडं कशाला बघताय डोळं मिचकावून?

अस्सं. कळलं मला. माजं झाकताय. माजं तुमी झाकायचं आन तुमचं मी झाकायचं, जन्मभर, आन अमृतनं पिऊन पडलाच राहायचं. गाडामालकाचा सौदा. आत्ता रडत हुता, तेवढ्यात हिशोब जमवलात! तवाबी खोटं, आताबी खोटं. तुमचं उपकार मला नकोत, आण्णा. घोडी बुजली न्हाई, मॅडम. तंग सैल हुता. मी बघितला हुता, आन सांगितला न्हाई, आन यादीवर बरोबर म्हनून खूण केली. जानूनबुजून. ह्यांनी लांब हो म्हनलं म्हनून न्हाई, मला पाहिजे हुतं म्हनून. लिहा. बघत काय राहिलात, लिहा मॅडम, खाली सही करते मी. नोकरीचं मग बघू, जेलचं मग बघू, रडू नका तुमी. आन त्याच्या खाली लिहा, पेशंटला आनखी एक जबाब द्यायचाय, तीन वर्सांपूर्वीचा, पोलिसांना बोलवा दवाखान्यात. आता माज्यावर धाक ठेवायला ह्यांच्याकडं काय बी उरलं न्हाई.

न्या हैदरभाई ह्यांना. सावकाश न्या, खड्डा आला तर गाडी थांबवा पन आदळू नका. ह्यांना बोलता आलं पायजे.